टीचर्स पेट, द

न उलगडलेल्या गुन्ह्याचा मागोवा घेणारी ऑस्ट्रेलियन पॉडकास्ट-मालिका (२०१८). ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राचे पत्रकार हेडली थॉमस यांनी ती सादर केली. लिनेट डॉसन ही दोन लहान मुलींची आई जानेवारी १९८२ मध्ये सिडनीच्या बेव्ह्यू उपनगरातून नाहीशी झाली. काही दिवसांतच तिचा पती क्रिस डॉसन याने आपल्याच शाळेतील एका विद्यार्थिनीला घरी राहायला आणले. रग्बी लीगचा हा माजी खेळाडू शाळेत व्यायामशिक्षक होता. बायको आपणहून निघून गेली, हे त्याचे म्हणणे पोलिसांनी वर्षानुवर्षे फारसे न तपासता मान्य केले. २००१ व २००३ मधील मृत्यूचौकशांनी त्याच्यावर खटल्याची शिफारस केली, तरी प्रकरण पुढे सरकले नाही.

थॉमस यांनी शेजारी, नातेवाईक व माजी विद्यार्थिनींना बोलते केले. सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी जुन्या घराचे आवार खोदले; हाती काही लागले नाही. डिसेंबरात मात्र डॉसनला अटक झाली.

मालिकेची खरी परीक्षा पुढे झाली. खटल्यावर परिणाम होऊ नये म्हणून २०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियात ऐकण्यास बंद करावी लागली. गाजावाजा इतका झाला होता, की खटला ज्यूरीविना एकट्या न्यायाधीशांपुढे चालला. शोधपत्रकारितेने आरोपीच्या निःपक्ष सुनावणीचा हक्क धोक्यात आणला, हा आक्षेप बिनबुडाचा म्हणता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये डॉसन खुनाबद्दल दोषी ठरला; त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. लिनेटचा मृतदेह सापडलेला नाही. मृतदेहाचा ठावठिकाणा न सांगणाऱ्या खुन्याला पॅरोल नाकारणारा न्यू साउथ वेल्सचा कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो.