टायटॅनियममधली भेग

डिसेंबर 1971, ओहायो. जनरल इलेक्ट्रिकने सीएफ6-6 इंजिनाच्या पुढच्या पंख्याची डिस्क पुरी केली. इंजिनाचा गाभा सी-5 गॅलॅक्सी या लष्करी विमानाच्या टीएफ39वरून आलेला. टायटॅनियम वितळवताना नायट्रोजनमुळे झालेली एक कडक, ठिसूळ गाठ या डिस्कमध्ये राहून गेली होती. पुढे अशा डिस्कचा धातू दोनदा नव्हे, तीनदा वितळवू लागले.

फेब्रुवारी 1988, सॅन फ्रान्सिस्को. युनायटेड एअरलाइन्सच्या कार्यशाळेत डिस्कची चकाकणाऱ्या रंगद्रवाने तपासणी झाली. त्या गाठीपासून सुरू झालेली भेग तेव्हा सुमारे अर्धा इंच होती. डिस्क पास झाली. माझ्या लेखी घात इथेच झाला.

19 जुलै 1989, दुपारी 2.09. उड्डाण 232 डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले. डीसी-10 विमान, आत 296 माणसे.

3.16. उंची 37,000 फूट. शेपटीतल्या इंजिनातली तीच डिस्क फुटली. तुकड्यांनी आसपासच्या हायड्रॉलिक नळ्या कापल्या आणि विमान वळवणारे भाग हलवणाऱ्या तिन्ही प्रणालींचे तेल वाहून गेले. एक गेली तर दुसरी, म्हणून तीन केलेल्या. पण शेपटीत तिघींच्या नळ्या जवळजवळच होत्या! तिन्ही एकदम जातील हे कुणी धरलेच नव्हते, त्यामुळे पुस्तिकेत त्यावर उपाय नव्हता. विमान उजवीकडे कलंडू लागले. कॅप्टन अल हेन्स यांनी डाव्या इंजिनाचा जोर कमी केला, उजव्याचा वाढवला, तेव्हा पंख सावरला.

3.29. प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच कॉकपिटमध्ये आले. दोन्ही थ्रॉटल हातात घेऊन ते विमान वळवू लागले. नाक वर जाई, खाली येई. प्रत्येक हेलकावा आधीच ओळखावा लागे.

4.00, सिऊ सिटी, आयोवा. नेहमी 140 नॉटच्या आसपास उतरणारे विमान 215 नॉटने आले. उजवा पंख आधी टेकला, विमान मोडून पेटले. 112 जण गेले, 184 वाचले. त्या दिवशी हजर असलेले नॅशनल गार्डचे 285 जवान मदतीला धावले.

ऑक्टोबर 1989, आल्टा, आयोवा. मक्याच्या शेतात डिस्क सापडली. भेगेच्या ज्या भागाचा रंग बदलला होता, तिथे तपासणीच्या द्रवातल्या रसायनाचे अंश मिळाले. म्हणजे 1988 मध्ये द्रव भेगेत शिरला होता. ती दिसायला हवी होती.