दोन याद्यांची रुजुवात

एका हाताचे बोट एका यादीवर आणि दुसऱ्या हाताचे दुसरीवर ठेवून दोन फेरिस्ती ताडून पाहणारा कारकून ज्याने पाहिला आहे, त्याला प्रस्तुत विषयाची निम्मी ओळख आधीच झालेली आहे. दफ्तरी भाषेत या कामाला रुजुवात म्हणत. दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावलेल्या असतील तर कारकुनाची बोटे केवळ खाली सरकतात, वर कधी येत नाहीत. ज्या यादीतील नाव क्रमाने आधीचे, तिच्यावरचे बोट पुढे जाते, आणि दोन्ही बोटांखाली एकच नाव आले की दोन्हीकडचा तपशील एका ओळीत उतरविला जातो. हजार हजार नावांच्या दोन बेशिस्त याद्या जुळवावयाच्या तर तुलनांची संख्या १०,००,००० च्या घरात जाऊ शकते. त्याच याद्या क्रमवार असतील तर ती २,००० च्या आत राहते. युनिक्स नामक प्रणालीत ‘जॉइन’ या नावाची जी एक लहानशी आज्ञा आहे, आणि जी आजही संगणकाच्या काळ्या पडद्यावर टंकित केली असता दोन मजकुरी फायली रकान्यांनिशी एकत्र करून देते, ती या दोन बोटांहून अधिक काही करीत नाही.

हे काम माणसाच्या बोटांकडून यंत्राकडे गेले ते अमेरिकेत, आणि तेही जनसंख्येच्या व कामगारांच्या नोंदींपायी. हर्मन हॉलेरिथ यांच्या छिद्रित पत्रांनी १८९० ची अमेरिकन जनगणना मोजली खरी. पण मोजणे आणि वर्गवारी लावणे निराळे, व दोन गठ्ठे एकमेकांत क्रमाने मिसळणे निराळे. वर्गवारीचे यंत्र एका फेरीत एकच रकाना पाही. सबब दोन गठ्ठे एक करावयाचे तर ते एकत्र टाकून सारी वर्गवारी पुन्हा अथपासून इतिपर्यंत करणे, हाच मार्ग होता. १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, १९३६ च्या अखेरीस नोंदणी सुरू झाली, आणि अल्पावधीत अडीच कोटींहून अधिक कामगारांची खाती बाल्टिमोर येथील कँडलर इमारतीत गोळा झाली. प्रत्येक खात्याचा क्रमांक नऊ अंकी. म्हणजे जुन्या रीतीने एका मिसळणीसाठी नऊ फेऱ्या! या अडचणीतून आयबीएम कंपनीचे ७७ क्रमांकाचे ‘कोलेटर’ यंत्र १९३७ साली निघाले. त्याला पत्रे घालण्याची दोन मुखे आणि पत्रे झेलणारे चार कप्पे होते. दर मुखातून मिनिटाला २४० पत्रे घेऊन ते दोहोंकडील क्रमांकांची तुलना करी, लहान क्रमांकाचे पत्र आधी सोडी, आणि बेजोड पत्रे वेगळ्या कप्प्यात टाकी. त्याचे मासिक भाडे ८० डॉलर होते. कारकुनाची दोन बोटे येथे प्रथमच लोखंडाची झाली.

विजेच्या संगणकाचा जन्म होत असतानाही हीच क्रिया त्याच्या सुइणीसारखी जवळ उभी होती, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. १९४५ साली जॉन फॉन नॉयमान यांनी अद्याप न बांधलेल्या ‘एडव्हॅक’ यंत्रासाठी जी कार्यसूची लिहिली, ती तोफगोळ्यांच्या गणिताची नव्हती. ती नोंदी क्रमवार लावण्याची व मिसळण्याची होती. केवळ आकडेमोडीसाठी योजिलेले यंत्र कारकुनीतही टिकते की नाही, याची परीक्षा त्यांना घ्यावयाची होती. पुढे ‘युनिव्हॅक’साठी बेटी होल्बर्टन या विदुषींनी, ज्या पूर्वी ‘एनिॲक’ यंत्रावरील सहा स्त्री-कार्यक्रमकारांपैकी एक होत्या, असा कार्यक्रम रचिला की ज्याला नोंदींचे स्वरूप सांगितले असता तो वर्गवारीचा व मिसळणीचा कार्यक्रम स्वतःच लिहून देई. त्या काळी नोंदी चुंबकीय फितीवर असत, आणि फीत ही कीर्दीसारखी आरंभापासून अखेरपर्यंत वाचावी लागते. मधलेच पान उघडण्याची सोय नाही. म्हणून जुन्या खात्यांची फीत आणि ताज्या व्यवहारांची फीत, दोन्ही एकाच क्रमाने लावून, त्यांतून नव्या खात्यांची तिसरी फीत काढणे हाच त्या काळच्या कचेऱ्यांचा रात्रीचा नित्यक्रम होता.

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचा आरंभ झाला, आणि तिला पहिले खरे गिऱ्हाईक मिळाले ते त्याच संस्थेचे पेटंट खाते, ज्याला अर्ज नीटनेटके टंकित करून हवे होते. साधा, डोळ्यांनी वाचता येणारा मजकूर हेच सर्व नोंदींचे समान रूप असावे, या आग्रहाला ते वातावरण पोषकच होते. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालीच एका टिपणात, बागेतील पाण्याच्या नळीचे तुकडे जसे एकास एक जोडावेत तसे कार्यक्रम जोडता यावेत, अशी अपेक्षा मांडली होती. १९७३ साली केन टॉम्पसन यांनी ती प्रत्यक्षात आणली. तेव्हापासून क्रम लावणारा ‘सॉर्ट’, द्विरुक्ती गाळणारा ‘युनिक’, दोन याद्यांतील समान व असमान ओळी निवडणारा ‘कॉम’ अशी छोट्या कारकुनांची एक फळीच उभी राहिली, आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘जॉइन’ही तीत दिसतो. त्याचे नाव एडगर कॉड यांच्या १९७० च्या प्रसिद्ध निबंधातील संज्ञेशी जुळते, जेथे कोष्टकांच्या संयोगाला गणिती प्रतिष्ठा मिळाली. एका बाजूस कॉड यांची तर्कशुद्ध इमारत, दुसऱ्या बाजूस हा दारातला मुनीम. पण काम एकच.

छिद्रित पत्रात रकान्यांची हद्द ठरलेली असे: ऐंशी स्तंभ, त्यांतील अमुक ते अमुक नावाचे. मजकुरात अशी हद्द नाही. तेथे बांध घालावा लागतो. वास्तविक ‘आस्की’ या अक्षरसंकेतात २८ ते ३१ या चार जागा नेमक्या याच कामासाठी राखलेल्या आहेत, परंतु त्या कळफलकावर दिसत नाहीत आणि कागदावर उमटत नाहीत, म्हणून त्यांना कोणी विचारले नाही. युनिक्सच्या वापरकर्त्यांच्या यादीने अपूर्णविराम घेतला, इतरांनी टॅब घेतला, आणि जगाने स्वल्पविराम घेतला, जो याबाबतीत सर्वांत बेभरवशाचा ठरावा असा आहे. आपण १,२५,००० लिहितो तेव्हा तो आकड्यात येतो. ‘सदाशिव पेठ, पुणे’ लिहितो तेव्हा पत्त्यात येतो. जर्मनीत तर तो दशांशचिन्हच असल्याने तेथे बांध म्हणून अर्धविराम वापरावा लागतो. अशा मजकुराभोवती अवतरणचिन्हे घालावीत हा प्रघात २००५ साली एका टिपणाने लेखनिविष्ट केला. परंतु ‘जॉइन’ त्याहून वयाने वडील, त्याला अवतरणे कळत नाहीत, आणि तो बिचारी सदाशिव पेठ एका रकान्यात व पुणे दुसऱ्या रकान्यात टाकून मोकळा होतो.

त्याची खरी अट मात्र क्रमाची आहे. तिचा मजकूर त्याच्या माहितीपत्रात एका ओळीत आटोपतो, पण मराठी माणसाला ती ओळ महागात पडू शकते. आमच्या एका मंडळाच्या सभासदांची यादी एका सद्गृहस्थांनी कोशाच्या क्रमाने हाताने लावली होती. वर्गणीची यादी यंत्राने लावलेली होती. दोन्हींत काळे होते, दोन्हींत काशीकर होते. वर्णमालेत ळ हा ह च्याही नंतर येतो, म्हणून हस्तक्रमात काशीकर आधी व काळे नंतर. परंतु युनिकोडमध्ये ळ ची जागा ल च्या लगेच पुढे, श च्या आधी आहे, म्हणून यंत्राच्या क्रमात काळे आधी. एका बोटाखाली काळे, दुसऱ्याखाली काशीकर. यंत्राच्या मते काळे लहान, म्हणून ते बोट पुढे सरकले आणि काशीकर जुळले. त्यानंतर हाताच्या यादीत काळे आले तेव्हा पहिले बोट कुलकर्ण्यांवर पोचलेले होते, आणि मागे फिरणे या पद्धतीला ठाऊकच नाही. नव्या आवृत्त्या अशा वेळी फाईल क्रमवार नसल्याची तक्रार तरी करतात. आमच्याकडील जुनी आवृत्ती निमूट राहिली. वर्गणी भरलेल्या काळ्यांना थकबाकीची नोटीस गेली. ते पावती घेऊन आले, आणि ती पावती मी दोन्ही याद्यांशेजारी ठेवून, बोटांनीच, पुन्हा रुजू करून घेतली.