मुंबईहून गेलेला निबंध आणि त्याचा गोषवारा

शालेय विज्ञान प्रकल्पांचे अहवाल वाचताना आम्हाला एक गोष्ट वारंवार आढळते. प्रयोग मन लावून केलेला असतो, तक्ते नेटके असतात; पण पहिल्या पानावरचा गोषवारा मात्र शेवटच्या रात्री घाईने उरकलेला असतो. ‘पाणी म्हणजे जीवन’ असे एखादे वाक्य, मग प्रकल्पाचे नाव पुन्हा एकदा आणि शेवटी आभार. काय सापडले, याचा पत्ताच नाही! गोषवाऱ्याला इतके दुय्यम का मानू नये, हे सांगणारी एक हकिकत विज्ञानाच्या इतिहासात आहे आणि तिचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो.

जॉन जेम्स वॉटरस्टन (१८११-१८८३) हे स्कॉटिश अभियंते. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी छात्रांना शिकवण्यासाठी ते १८३९ साली मुंबईत आले. म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक. शिकवण्यातून उरलेल्या वेळात त्यांनी वायूंच्या गुणधर्मांचा विचार चालवला. वायू म्हणजे सतत धावणाऱ्या, आदळून परत फिरणाऱ्या सूक्ष्म कणांचा समूह. त्यांच्या आदळण्याने दाब निर्माण होतो आणि तापमान हे कणांच्या वेगाच्या वर्गाशी निगडित असते, असे त्यांनी गणिताने मांडले. आज आपण शिकवतो तो वायूंचा गत्यात्मक सिद्धांत तो हाच.

डिसेंबर १८४५ मध्ये हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोचला. एका परीक्षकाने तो निव्वळ निरर्थक, सभेत वाचण्याच्याही योग्यतेचा नाही, असा शेरा मारला. मार्च १८४६ मध्ये त्याचे वाचन झाले खरे, पण छापला गेला तो केवळ त्रोटक गोषवारा. सभेत वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा, असा नियम असल्याने मूळ हस्तलिखित दप्तरात जाऊन पडले. वॉटरस्टन यांच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. आता जगापुढे राहिला तो फक्त गोषवारा, आणि त्यावरून निबंधाचा आवाका कोणाच्याच ध्यानात आला नाही. १८५१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अहवालात त्यांचा आणखी एक गोषवारा आला. तोही दुर्लक्षितच राहिला.

पुढे क्रोनिग (१८५६), क्लॉसियस (१८५७) आणि मॅक्सवेल (१८६०) यांनी हा सिद्धांत स्वतंत्रपणे उभा केला. वॉटरस्टन यांच्याच ध्वनीवरील एका लेखातील उल्लेखावरून लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली जुन्या दप्तरातून तो निबंध शोधून काढला आणि १८९२ साली तो छापून आला. वॉटरस्टन यांना जाऊन तेव्हा आठ-नऊ वर्षे झाली होती. निबंध वेळीच न छापल्याने या विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे रखडली असावी, असे रॅले यांचे मत होते.

सगळा दोष गोषवाऱ्याचा, असे आम्ही म्हणणार नाही. लेखक अनोळखी, दूरदेशी राहणारा आणि कल्पना काळाच्या पुढची. पण मूळ लेखन वाचकाच्या हाती नसते तेव्हा गोषवारा हाच त्याचा एकमेव प्रतिनिधी असतो, हे यातून नीट दिसते.

गोषवाऱ्याचे रूपही हळूहळू घडत गेले. १८३२ साली रॉयल सोसायटीने १८०० पासूनच्या निबंधांचे गोषवारे पुस्तकरूपाने काढण्यास सुरुवात केली. ते सभांच्या नोंदींवरून केलेले होते; लेखकाने लिहिलेले नव्हते. वाङ्‌मय वाढले तसे १९०७ साली ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’सारखे केवळ गोषव्यांना वाहिलेले नियतकालिक निघाले. १९२० च्या सुमारास अमेरिकेतील भौतिकीच्या नियतकालिकांतून लेखाच्या आरंभीच गोषवारा छापण्याची प्रथा पडली. १९८७ साली एका वैद्यकीय नियतकालिकाने उद्देश, पद्धत, निष्कर्ष अशा मथळ्यांखाली गोषवारा मागायला सुरुवात केली. दर टप्प्यावर वाचकाचा प्रश्न एकच होता : मूळ लेख हाती न घेता मला काय कळेल?

हाच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा. समजा, प्रकल्प माठावर आहे. ‘आम्ही माठातील पाण्याचा अभ्यास केला व उपयुक्त माहिती मिळाली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘माठाला तैलरंग दिल्यास पाणी कमी गार होते का, हे पाहिले. सारख्या आकाराच्या दोन माठांत ३० अंश सेल्सिअसचे पाणी भरले. सहा तासांनी साध्या माठातील पाणी २५, तर रंगवलेल्यातील २९ अंशांवर होते. रंगामुळे छिद्रे बुजून बाष्पीभवन घटते, असा आमचा निष्कर्ष आहे. प्रयोग एकाच दिवशी केल्याने हवेतील आर्द्रतेचा परिणाम तपासलेला नाही.’ आकडे काल्पनिक आहेत. पण प्रश्न, पद्धत, आकडा, निष्कर्ष आणि मर्यादा हे सारे पाच वाक्यांत आले.

गोषवारा अहवाल पूर्ण झाल्यावरच लिहावा आणि प्रकल्प न पाहिलेल्या वर्गमित्राला वाचायला द्यावा. काय सापडले, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले तर गोषवारा जमला. नाही तर मुलांची महिनाभराची मेहनत कपाटात राहते आणि दर प्रकल्पाला काही रॅले भेटत नाहीत.