संकेतस्थळ लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी उपयोगी पडणारी मोफत साधने

जयंतीचा अहवाल, शिष्यवृत्तीची माहिती, वाचनालयाची पुस्तकयादी, जुन्या कार्यकर्त्याची मुलाखत. आपले तरुण हे सगळे मेहनतीने तयार करतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. दोन दिवसांत ते शेकडो संदेशांखाली गाडले जाते. सहा महिन्यांनी एखाद्या विद्यार्थ्याने तोच विषय गुगलवर शोधला, तर आपले लिखाण त्याला सापडत नाही. दुसऱ्यांनी आपल्याबद्दल लिहिलेले तेवढे सापडते. म्हणून संकेतस्थळ हवेच. पण ते नुसते सुरू करून वाचक येत नाहीत. त्यासाठी लागणारी साधने आम्ही येथे क्रमाने देत आहोत. यांतले कोणतेही वापरायला पैसे लागत नाहीत.

१) आधी मजकूर युनिकोडमध्ये आणा
कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आपल्याला मराठी दिसतो, पण संगणकाकडे तो निरर्थक इंग्रजी अक्षरे म्हणून साठवलेला असतो. गुगलला तो वाचता येत नाही. बॅनरच्या चित्रात लिहिलेल्या मजकुराचाही फारसा उपयोग होत नाही. जुना मजकूर फॉन्ट बदलणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये घ्या आणि नंतर एकदा वाचून काढा. रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी हमखास बिघडते. छापील पत्रकाचा फोटो गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडला, तर त्यातली अक्षरे मजकूर म्हणून मिळतात. तीही तपासावी लागतात.

२) गुगल सर्च कन्सोल
एकच साधन वापरणार असाल तर हे वापरा. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केले की कोणते शब्द शोधून लोक आपल्यापर्यंत आले, आपले पान किती वेळा दिसले आणि किती जणांनी उघडले, हे कळते. मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी पाहता येते. येथे साईटमॅप, म्हणजे सर्व पानांची यादी, जरूर द्या. एका यादीत ५०,००० पत्ते बसतात. पान पुष्कळ वेळा दिसते पण कोणी उघडत नाही, असे आढळले तर शीर्षक बदला. 'कार्यक्रम संपन्न' या शीर्षकावरून काहीच कळत नाही. कोणता कार्यक्रम, कोणते गाव, कोणते वर्ष, हे शीर्षकातच हवे.

३) गुगल ट्रेंड्स
लोक कोणता शब्द वापरतात ते येथे पाहा. 'बुद्ध पौर्णिमा' की 'बुद्ध जयंती', याची तुलना २००४ पासून आजपर्यंत करता येते. कोणत्या महिन्यात शोध वाढतो हेही दिसते. लेख त्याच्या दोन-तीन आठवडे आधी तयार ठेवा.

४) पेजस्पीड इनसाइट्स आणि स्कूश
आपला बहुतेक वाचक मोबाईलवर, तोही कधी कधी अपुऱ्या नेटवर्कवर असतो. पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की पान कुठे अडते ते कळते. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. बहुतेक वेळा दोष मोठ्या फोटोंचा असतो. स्कूश या साधनात फोटो वेबपी प्रकारात बदलला की त्याचे वजन बरेच कमी होते.

५) लिंक पाठवण्यापूर्वी
व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर लिंक टाकल्यावर दिसणारे चित्र आणि शीर्षक 'ओपन ग्राफ' या खुणांवरून येते. चुकीचे चित्र येत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डिबगरमध्ये तपासा. समूहात पूर्ण लेख चिकटवू नका. दोन ओळी आणि लिंक द्या.

६) जपणूक
संकेतस्थळ सुरक्षित करणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते. प्रत्येक महत्त्वाचे पान वेबॅक मशीनवर जतन करा. उद्या आपले संकेतस्थळ बंद पडले तरी नोंद राहील. आणि हे विसरू नका: पत्त्याची नोंदणी व पासवर्ड एकाच कार्यकर्त्याकडे ठेवू नका. तो नोकरीनिमित्त दूर गेला, नूतनीकरण राहून गेले, की वर्षांचे काम एका दिवसात दिसेनासे होते. मंडळाचा स्वतंत्र ईमेल ठेवा आणि किमान तिघांना माहिती द्या.

७) फसू नका
'महिन्यात गुगलवर पहिला क्रमांक' असे सांगून पैसे मागणारे फोन येतात. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच स्पष्ट केले आहे. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणे तर त्यांच्या नियमांविरुद्ध आहे. त्यामुळे आपले संकेतस्थळ शोधात मागे पडू शकते.

वर्गणीचा पैसा पुस्तकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी ठेवा. या कामाला पैसा लागत नाही, सातत्य लागते. येत्या रविवारी दोघे-तिघे एकत्र बसा, सर्च कन्सोल जोडा आणि जुन्या फॉन्टमधले पाच लेख युनिकोडमध्ये आणा. आपण लिहिलेले शोधणाऱ्याला सापडले, तरच ते लिहिल्याचा उपयोग.