पाळीआधीचा त्रास : नेमकं काय होतं, काय करावं

पाळीच्या ५-७ दिवस आधी चिडचिड, उगाच रडू येणं, पोट फुगणं, छाती दुखणं, झोप न लागणं याला ‘पीएमएस’ म्हणतात. अंडाशयातून बीज बाहेर पडल्यानंतर संप्रेरकांत होणाऱ्या चढउतारांशी याचा संबंध आहे. पाळी सुरू झाली की त्रास ओसरतो. घरात मात्र ‘नखरे’ म्हणून बोळवण होते.

पडेगावहून शहरात कॉलेजला, कामाला जाणाऱ्या मुलींनी २-३ महिने तारीख आणि त्रास वहीत लिहावा. डॉक्टरांना निदानासाठी हीच नोंद लागते. रोजचं चालणं, पुरेशी झोप, चहा-मीठ कमी केल्यानं अनेकींना आराम पडतो. अभ्यास-काम सुटत असेल तर घाटी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, औषधं आहेत. जीव नकोसा वाटला तर थांबू नये, ‘टेलिमानस’च्या १४४१६ वर मोफत बोलावं.