उत्तम कृति मागें कीं पुढें?

कलावंत साठीच्या घरांत आला म्हणजे त्याच्या सत्कारसभेंत एक वाक्य हटकून ऐकूं येतें: यांची सर्वोत्कृष्ट कृति अजून व्हावयाची आहे. या वाक्यांत सद्भाव पुष्कळ असतो. विचार किती असतो हें सहसा कोणी तपासून पाहत नाहीं. गवयाच्या बाबतींत तें तपासणें फारसें कठीण नाहीं, कारण गळा उतरला तर तो सर्वांसच ऐकूं येतो. चित्रकाराचा हात कांपूं लागला तर त्याची रेषाच तें सांगून टाकते. परंतु छायाचित्रकाराचें काय? त्याच्या कलेंत गळा नाहीं आणि रेषाहि नाहीं. चित्र पडतें तें प्रकाशानें, आणि तें उमटविण्याचें काम रसायनें करतात. मग वयाबरोबर त्याच्यापाशीं वाढतें काय आणि घटतें काय?

यावर असें एक उत्तर देण्यांत येतें कीं, छायाचित्र हा बव्हंशीं योगायोगाचा खेळ आहे. चांगलें चित्र सोडतींतील बक्षिसाप्रमाणें आज मिळेल किंवा दहा वर्षांनीं मिळेल. हें खरें असतें तर आमचा प्रश्नच निरर्थक ठरला असता, कारण सोडतीला तारुण्य नसतें आणि वार्धक्यहि नसतें. एखाददुसरें चांगलें चित्र योगायोगानें कोणासहि साधेल, हें आम्हांस मान्य आहे. पण एकाच माणसाचीं शेंकडों चित्रें काळाच्या क्रमानें मांडलीं असतां त्यांत एक चाल दिसूं लागते, आणि योगायोगाला चाल नसते. म्हणून तर्कवाद बाजूस ठेवून तीन छायाचित्रकारांचीं आयुष्यें क्रमानें पाहावीं व मग निर्णय करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

पहिलें उदाहरण ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचें. त्यांचा जन्म 1815 सालीं कलकत्त्यास झाला. पति कायदेपंडित; हिंदुस्थानांतील कायद्यांची संहिता तयार करण्याच्या कामाशीं त्यांचा निकट संबंध होता. 1848 मध्यें हें कुटुंब विलायतेस गेलें व पुढें वाइट बेटावर राहूं लागलें. 1863 च्या डिसेंबरांत मुलीनें व जांवयानें बाईंस एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं त्यांचें वय 48 वर्षांचें होतें. मुलें मोठीं झालेलीं, आणि वेळ कसा घालवावा हाच प्रश्न. बाईंनीं कोळशाच्या कोठीची काळोखी खोली केली, कोंबड्यांच्या खुराड्याचें चित्रगृह केलें, आणि 1864 च्या जानेवारींत आपल्या मनासारखें पहिलें चित्र काढलें. 1867 मध्यें त्यांनीं सर जॉन हर्शेल या वृद्ध ज्योतिर्विदाचें जें चित्र काढलें, तें आजहि व्यक्तिचित्रांत श्रेष्ठ गणलें जातें. अंधारांतून उजळून आलेला तो चेहरा आणि त्याभोंवतीं विस्कटलेले ते पांढरे केस एकदां पाहिले म्हणजे विसरत नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं, तीन-चार वर्षांच्या अनुभवावर असें चित्र साधत असेल तर कलेंत मुरण्याचें महत्त्व तें काय उरलें? परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे. कॅमेऱ्याशीं बाईंची ओळख तीन-चार वर्षांची होती. हर्शेल यांच्याशीं ती सुमारें तीस वर्षांची होती. 1836 च्या सुमारास केप ऑफ गुड होप येथें दोघांची भेट झाली होती, आणि छायाचित्रणाच्या नव्या शोधाची वार्ताहि बाईंस हर्शेल यांच्याच पत्रांतून कळली होती. यंत्र नवें होतें. पाहणें जुनें होतें. याच्या उलट बाजूहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. 1875 सालीं कॅमेरॉन कुटुंब सिंहलद्वीपास जाऊन राहिलें. कॅमेरा तोच, डोळा तोच, हातहि आतां अधिक सरावलेला. पण ज्या चेहऱ्यांशीं जन्माचा परिचय होता ते विलायतेस राहिले. तेथें काढलेलीं थोडींच चित्रें आज उपलब्ध आहेत, आणि 1879 मध्यें तेथेंच बाईंचा अंत झाला. त्यांची उत्तम कृति अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं सर्वस्वीं पुढें होती, आणि साठाव्या वर्षीं बहुतांशीं मागें पडली होती. या चढउताराचा वयाशीं संबंध थोडा व परिचयाशीं अधिक, असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतील लाला दीनदयाळ यांचें. मीरतेजवळील सरधना येथें 1844 सालीं त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या कॉलेजांत शिक्षण घेऊन 1866 मध्यें ते होळकरांच्या इंदुरांत बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. नकाशे काढणें आणि खर्चाचे अंदाज करणें हें त्यांचें काम. 1874 च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा नाद लागला. पुढें 1882 मध्यें सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य हिंदुस्थानांतील प्राचीन वास्तु पाहत हिंडले, आणि त्या प्रवासांतील चित्रांचा ग्रंथ 1886 मध्यें लंडनास प्रसिद्ध झाला. इमारतीचा भार कोठें पडतो आणि सावली कोठें तुटते हें नकाशे काढणाऱ्याच्या डोळ्याला जसें कळतें, तसें या चित्रांत कळलेलें दिसतें.

यानंतर भाग्य धांवून आलें. 1885 मध्यें व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. हैदराबादेस सहाव्या निजामाचा आश्रय मिळाला. सिकंदराबादेस चित्रशाळा निघाली. 1894 मध्यें राजा हा किताब मिळाला. 1896 मध्यें मुंबईंतहि शाखा उघडली. दरबार, शिकारी, लष्करी कवायती, राजवाड्यांचे दिवाणखाने, पाहुण्यांचे मेळावे, यांचीं असंख्य चित्रें त्यांच्या संस्थेंतून बाहेर पडलीं. इतिहासाचें साधन म्हणून त्यांचें मोल मोठें आहे. तरीहि निव्वळ दृष्टीच्या कसोटीनें पाहिलें तर, आमच्या मतें, दीनदयाळांची उत्तम कृति बहुतेक किताबाच्या आधींचीच ठरते. त्यांचा डोळा मंदावला असें आम्ही म्हणत नाहीं. तो दुसऱ्याच्या वेळापत्रकास बांधला गेला. कोणता क्षण टिपावयाचा हें नोकरींत असतां ते फुरसतीनें स्वतः ठरवीत. राजमान्यता मिळाल्यावर तें बरेंचसें दरबार ठरवूं लागला. याला अपवाद आहे, आणि तो बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, जें मदतकार्य चाललें त्याचीं चित्रेंहि त्यांच्या संस्थेनें काढलीं. उपाशी माणसें झब्बूशाही पोशाख करून कॅमेऱ्यापुढें बसत नाहींत, आणि त्या चित्रांत दरबारी सजावटीला जागाच नव्हती. त्यांचीं पूर्वीचीं चित्रें ज्यांस आवडतात त्यांनीं हींहि अवश्य पाहावीं. 1905 मध्यें दीनदयाळ वारले. त्यांच्या कांचेवरील अडीच हजारांहून अधिक निगेटिव्ह 1989 मध्यें दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें विकत घेतल्या, म्हणूनच आज हा वाद करण्यास आपणांस आधार आहे.

तिसरें उदाहरण या दोहोंहून निराळें, आणि आमच्या प्रश्नाच्या गाभ्याशीं जाणारें आहे. यूजेन आत्झे हा 1857 सालीं फ्रान्सांत लिबूर्न येथें जन्मला. लहानपणींच आईबाप गेले. तरुणपणीं त्यानें जहाजावर काम केलें, नंतर रंगभूमीवर दुय्यम भूमिका केल्या. कोठेंच जम बसला नाहीं. तिशी उलटल्यावर तो कॅमेऱ्याकडे वळला, तेंहि कलेच्या हौसेनें नव्हे. चित्रकारांस नमुन्यासाठीं झाडें, दरवाजे, गल्ल्या यांचीं चित्रें लागत, तीं तो विकी. 1897 च्या सुमारास त्यानें जुन्या पॅरिसची पद्धतशीर नोंद करण्यास आरंभ केला. पाडल्या जाणाऱ्या इमारती, जिने, दारांवरील कड्या, दुकानांच्या पाट्या, फेरीवाले, चिंध्या गोळा करणारे, हे त्याचे विषय. अठरा बाय चोवीस सेंटीमीटरच्या कांचा, अवजड लाकडी कॅमेरा व तिकाटणें घेऊन हा मनुष्य पहांटे घराबाहेर पडे, आणि तयार झालेले छापे ग्रंथालयांच्या व संग्रहालयांच्या दारीं नेऊन विके. स्वतःस तो कलावंत म्हणवीत नसे. आपण दस्तऐवज तयार करतों अशीच त्याची भूमिका होती.

1914 चें महायुद्ध आलें आणि हें काम बहुतेक थांबलें. युद्ध संपलें तेव्हां आत्झे साठी ओलांडून गेला होता. मागें संग्रह सांभाळील असा वारस नव्हता. 1920 मध्यें त्यानें जुन्या पॅरिसच्या सुमारें 2,600 निगेटिव्ह फ्रेंच सरकारास 10,000 फ्रँकांस विकल्या. व्यवहारी माणूस येथें म्हणेल कीं, जन्माचें काम पुरें झालें, आतां स्वस्थ बसावें. घडलें तें उलट. पैशाची विवंचना कांहींशी दूर झाली, गिऱ्हाइकाची यादी हातांतून सुटली, आणि आत्झे पुन्हा बाहेर पडला. तो नव्या जागा शोधीत गेला नाहीं. व्हर्साय, सँ-क्लू अशा ज्या जुन्या उद्यानांत तो पूर्वीं कैकदां गेला होता, तेथेंच तो परत परत जाऊं लागला. सँ-क्लू येथें तर तो 1904 पासून जात असे. तींच तळीं, तेच पुतळे, तीच झाडें; परंतु पूर्वीं तो झाड पाहण्यास जाई, आतां त्या झाडावरचा उजेड पाहण्यास जाऊं लागला.

1925 च्या मार्च ते जून या महिन्यांत, अडुसष्टाव्या वर्षीं, त्यानें सो येथील ओसाड पडलेल्या उद्यानांत सहासष्ट चित्रें काढलीं. हें उद्यान 1923 मध्यें सरकारी मालकीचें झालें होतें; त्याची दुरुस्ती अजून व्हावयाची होती. माजलेलें गवत, शेवाळलेलें पाणी, तडा गेलेल्या पायऱ्या, आणि त्यांवर सकाळचा तिरपा उजेड, एवढीच या चित्रांची सामग्री. विकत घेणारा कोणी समोर नव्हता. कांहीं चित्रांवर त्यानें स्थळाबरोबर महिना व घटकाहि नोंदली आहे: मार्च, सकाळीं आठ. तीस वर्षें रस्त्यांचीं आणि दरवाजांचीं नांवें लिहिणारा हा मनुष्य आतां उजेडाची वेळ लिहूं लागला, यांतच त्याच्या कलेची वाढ दिसून येते. 1926 मध्यें त्याची आयुष्याची सोबतीण वारली, आणि 1927 च्या ऑगस्टांत तोहि गेला.

येथें कथा संपली असती, आणि आत्झेची उत्तम कृति कोणती हा प्रश्न विचारण्यासहि कोणी उरलें नसतें. परंतु त्याच्याच गल्लींत मॅन रे या अमेरिकन चित्रकाराची चित्रशाळा होती, व तेथें बेरेनिस ॲबट ही तरुण बाई मदतनीस म्हणून राहिली होती. म्हाताऱ्याचीं चित्रें पाहून ती थक्क झाली होती. 1928 मध्यें तिनें त्याच्या घरीं उरलेल्या हजाराहून अधिक निगेटिव्ह व हजारों छापे विकत घेतले, अमेरिकेस नेले आणि चाळीस वर्षें सांभाळले. 1968 मध्यें न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें तो संग्रह तिच्याकडून घेतला. तरीहि एक अडचण होतीच. आत्झे कांचेवर क्रमांक घाली खरा, पण प्रत्येक विषयाची मालिका वेगळी. त्यामुळें कोणतें चित्र आधींचें व कोणतें नंतरचें याचा उलगडा होईना. तो मारिया मॉरिस हँबर्ग या विदुषीनें परिश्रमपूर्वक केला, आणि 1981 ते 1985 या काळांत संग्रहालयानें जॉन झारकॉव्स्की यांच्यासह चार प्रदर्शनें भरवून व चार खंड काढून हें सर्व काम जगापुढें मांडलें. तेव्हां कोठें स्पष्ट दिसलें कीं, या मनुष्याचा कळस अखेरच्या सात वर्षांत चढला होता. म्हणजे 1920 सालीं त्याची उत्तम कृति पुढें होती, हें निश्चितपणें सांगतां यावयास साठ वर्षें लागलीं.

या तीन चरित्रांवरून आम्ही काढतों तो निष्कर्ष असा. छायाचित्रकाराजवळ वयाबरोबर वाढणारी वस्तु म्हणजे आपल्या विषयाचा परिचय. त्याच माणसाकडे, त्याच झाडाकडे शंभराव्या वेळीं पाहतांना पहिल्या नव्व्याण्णव वेळां न दिसलेलें कांहींतरी दिसूं लागतें. परंतु हा परिचय फळास येण्यास फुरसत लागते, आणि यशस्वी माणसास नेमकी तीच मिळत नाहीं. कॅमेरॉनबाईंस ती संसारांतून मोकळें झाल्यावर मिळाली. दीनदयाळांजवळ ती होती, ती वैभवानें नेली. आत्झेला ती दहा हजार फ्रँकांनीं दिली. यास्तव साठीच्या छायाचित्रकाराची उत्तम कृति पुढें आहे काय, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या वयांत शोधूं नये. त्याच्या दिवसाचे किती तास त्याचे स्वतःचे आहेत, यांत शोधावें.

आणि या उत्तराचा अर्धा भाग त्याच्या हातीं नाहींच. तो पाहणारांच्या हातीं आहे. आपल्या गांवोगांवीं जुन्या छायाचित्रकारांच्या दुकानांच्या माळ्यांवर कांचा व फिल्मा पडून आहेत. त्यांवर नांव नाहीं, साल नाहीं, क्रम नाहीं. त्यांत एखादा आत्झे असेल असें आमचें म्हणणें नाहीं. पण असला तरी तो कळण्याचा मार्ग आज बंद आहे, एवढें खरें. कांच फुटते, फिल्म चिकटते, ओलीनें लेप सुटतो, आणि मालकाच्या पश्चात् जागा रिकामी करतांना पहिल्यानें हींच खोकीं बाहेर जातात. ज्या घरांत असा वारसा आहे त्यांनीं तो पुसून, कागदांत गुंडाळून, कोरड्या जागीं ठेवावा, आणि घरांतील वडीलधारीं माणसें हयात आहेत तोंवर त्यांना विचारून प्रत्येक पाकिटावर स्थळ व साल लिहावें. सत्कारसभेंतील हारांपेक्षां या कामास खर्च कमी येतो. तें केलें म्हणजे, यांची उत्तम कृति अजून पुढें आहे, हें वाक्य खरें कीं खोटें, हें निदान आपल्या नातवंडांस तरी ठरवितां येईल.