लेखणीचे मोल : लिडिया मारिया चाइल्ड

बोस्टन शहरात १८०७ साली स्थापन झालेले अथेनियम हे ग्रंथालय अमेरिकेतील जुन्या व मान्यवर ग्रंथालयांपैकी एक होय. वर्गणीदार धनिकांच्या या संस्थेत त्या काळी स्त्रीवाचकाला प्रवेश मिळणे हा दुर्मीळ मान होता. तो लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेला लाभला. तेथील ग्रंथांचा विनामूल्य उपयोग करण्याची मुभा संचालकांनी त्यांना दिली. परंतु १८३३ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यानंतर ही सवलत काढून घेण्यात आली. याच सुमारास चाइल्डबाई देशोदेशींच्या स्त्रियांचा इतिहास सिद्ध करण्यात गुंतल्या होत्या. ज्याला इतिहास लिहावयाचा आहे त्याच्यापुढे ग्रंथालयाचे दार बंद होणे, ही शिक्षा लहान नव्हे.

लिडियाचा जन्म ११ फेब्रुवारी १८०२ रोजी मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्ड गावी झाला. वडील पावभट्टीचे मालक होते. बारा वर्षांची असतानाच ती आईला मुकली. तिचा भाऊ कॉन्व्हर्स हार्वर्डला शिकावयास गेला. मुलींना ते दार उघडे नव्हते. भावाच्या पुस्तकांतून होमर, मिल्टन, स्कॉट वाचीत तिने आपले शिक्षण आपणच केले. पुढे ती मेन प्रांतात विवाहित बहिणीकडे राहिली. त्या परिसरात अबेनाकी या मूळ निवासी जमातीच्या लोकांशी तिची ओळख झाली आणि ज्यांना भोवतालचा समाज रानटी म्हणत होता त्यांची माणुसकी तिने जवळून पाहिली.

या ओळखीचे फळ म्हणजे १८२४ साली प्रसिद्ध झालेली ‘होबोमॉक’ ही ऐतिहासिक कादंबरी. न्यू इंग्लंडच्या आरंभकाळात कादंबरीची विपुल सामग्री आहे, असे एका नियतकालिकातील लेखात तिच्या वाचनात आले आणि अवघ्या सहा आठवड्यांत तिने ही कथा लिहून काढली. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. कठोर प्युरिटन पित्याची गोरी कन्या एका मूळ निवासी तरुणाशी विवाह करते, हे कथानक त्या काळच्या सभ्य समाजाला पचणे कठीण होते. तरीही पुस्तक गाजले आणि बावीस वर्षांची ही तरुणी बोस्टनच्या साहित्यवर्तुळात प्रतिष्ठा पावली.

दुसरी कादंबरी ‘द रिबेल्स’ १८२५ साली आली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धापूर्वीचे बोस्टन हा तिचा विषय. तिच्यात जेम्स ओटिस या देशभक्ताच्या तोंडी लेखिकेने एक भाषण घातले आहे. ते सर्वस्वी कल्पित. पण इतके साधले की पुढे शालेय वाचनमालांत त्याचा समावेश झाला आणि मुले ते ओटिसचे खरे भाषण समजून पाठ म्हणू लागली. ऐतिहासिक कादंबरीचे सामर्थ्य आणि तिचा धोका, दोन्ही या एका उदाहरणात दिसतात. महाराष्ट्रातही कादंबरीतील संवाद इतिहासाचा पुरावा म्हणून पुढे केले जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट परकी वाटत नाही.

१८२६ साली त्यांनी मुलांसाठी ‘जुव्हेनाइल मिसलेनी’ हे नियतकालिक सुरू केले. १८२८ साली डेव्हिड ली चाइल्ड या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. पती तत्त्वनिष्ठ, पण व्यवहारात कच्चे; कर्जाचा भार नित्याचा झाला. तेव्हा संसाराचा गाडा लेखणीनेच ओढला. १८२९ साली आलेले काटकसरीच्या गृहव्यवस्थेवरील त्यांचे पुस्तक घरोघरी पोहोचले व त्याच्या तिसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. काटकसरीची ज्यांना लाज वाटत नाही अशांना ते अर्पण केलेले होते.

हे सर्व यश १८३३ च्या ग्रंथाने पणास लागले. गुलामांची तत्काळ मुक्तता करावी, एवढेच मागून चाइल्डबाई थांबल्या नाहीत. उत्तरेकडील सुसंस्कृत समाजही वर्णद्वेषाने ग्रासलेला आहे, आणि वर्णभेदाने विवाहास बंदी घालणारे कायदे अन्यायाचे आहेत, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दक्षिणेला दोष दिलेला बोस्टनला चालला असता. आपल्याला दिलेला चालला नाही. पुस्तकांची विक्री घसरली, मुलांच्या नियतकालिकाचे वर्गणीदार पांगले आणि १८३४ साली त्यांना संपादकपद सोडावे लागले.

अशा दिवसांत, १८३५ साली, विविध युगांतील व राष्ट्रांतील स्त्रियांच्या स्थितीचा त्यांचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आशिया-आफ्रिकेपासून युरोप-अमेरिकेपर्यंत स्त्रियांचे विवाह, श्रम, वेष, हक्क व दास्य यांची माहिती त्यांनी एकत्र केली. हिंदुस्थानचाही तीत समावेश होता. परदेशांविषयीची ही माहिती बव्हंशी युरोपीय लेखकांच्या ग्रंथांवर आधारलेली असल्याने त्या लेखकांच्या दृष्टीच्या मर्यादाही तीत उतरल्या. या ग्रंथात आवेशयुक्त प्रतिपादन थोडे आणि माहितीच अधिक. पण राजवंशांच्या यादीबाहेर स्त्रियांनाही इतिहास असतो, हे सांगण्यास तेवढे पुरे होते. १८८१ साली एलिझाबेथ केडी स्टँटन, सुसान अँथनी व मॅटिल्डा गेज यांनी स्त्रीमताधिकाराच्या चळवळीचा बृहद् इतिहास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तो ज्या पूर्वसूरी स्त्रियांना अर्पण केला, त्यांत चाइल्डबाईंचे नाव आहे.

१८४१ साली गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाच्या संपादनासाठी त्या न्यूयॉर्कला गेल्या. तेथून लिहिलेली पत्रे १८४३ साली पुस्तकरूपाने आली. प्रवासवर्णन म्हणजे दूरदेशीचे डोंगर व राजवाडेच असले पाहिजेत असे नाही, हे ही पत्रे दाखवितात. न्यूयॉर्कचे दरिद्री मोहल्ले, बंदिशाळा, ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, कृष्णवर्णीय स्त्रीचे प्रवचन, बंदरावरील सायंकाळ, असे एकच शहर त्या पायी हिंडून पाहतात. गुन्हेगारास दोष देण्यापूर्वी त्याला घडविणाऱ्या समाजाकडे पाहावे, हा त्यांचा आग्रह पानोपानी जाणवतो.

१८५९ साली जॉन ब्राउनच्या उठावानंतर व्हर्जिनियातील एका सिनेटरच्या पत्नीने त्यांना दूषणे देणारे पत्र धाडले. दक्षिणेतील मालकिणी गुलाम स्त्रियांची बाळंतपणे किती मायेने करतात, असा तिचा दावा होता. आमच्याकडेही बाळंतिणीची सेवा होते, मात्र त्यानंतर तिचे मूल आम्ही विकत नाही, या आशयाचे उत्तर चाइल्डबाईंनी दिले. त्या पत्रव्यवहाराच्या पुस्तिकेच्या तीन लाख प्रती खपल्या. १८६१ साली दास्यातून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांचे आत्मचरित्र त्यांनी संपादित केले. गुलामगिरी संपल्यावर, १८६५ साली, मुक्त झालेल्या लोकांना वाचावयास मिळावे म्हणून त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांच्या चरित्रांचे एक वाचनपुस्तक तयार केले. २० ऑक्टोबर १८८० रोजी वेलँड येथे त्यांचे निधन झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचरणी लोकांना अर्पण केला, त्यांची नावे त्यांनी दिलेली नाहीत. दास्यविमोचनासाठी आपला स्वार्थ बाजूस ठेवणारे ते लोक होत, एवढेच सांगितले. लिडिया मारिया चाइल्ड त्यांपैकी एक होत्या, आणि त्यागाची रक्कम त्यांनी रोख चुकती केली होती : वाचक, वर्गणीदार आणि ग्रंथालयातील आपली जागा.